रामाकोन्याहून उत्तर नाही

त्या उन्हाळ्यात जपानी फौज पांढुर्ण्यापर्यंत तीनदा आली आणि तीनदा मागे गेली. चौथ्यांदा ती रामाकोन्याचा पूल ओलांडून पुढे निघून गेली. तेव्हा तिची सेनापती मी होते आणि समोर माझे वडील होते. हे सगळे मामांच्या घरी, बाहेरच्या खोलीत, दोन जुन्या दरवाजांवर पसरलेल्या ओल्या वाळूत झाले.

मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीची शेवटची वर्षे त्यांनी एका प्रशिक्षण केंद्रात काढली. तिथे त्यांचे काम वाळूचे नकाशे बनवण्याचे होते. डोंगर, नाले, सडका, पूल वाळूत उभे करायचे. मग साहेब लोक हातात काठी घेऊन त्यावर लढाई शिकवायचे. संध्याकाळी मामा सगळे मोडून वाळू चाळून ठेवायचे. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या लढाया मांडल्यावर त्यांना स्वतःची एक हवी होती. पांढुर्ण्याचे घर बांधून झाल्यावर उरलेले दोन दरवाजे त्यांनी संत्र्याच्या पेट्यांवर आडवे टाकले, चारी कडांना पट्ट्या ठोकल्या, जाम नदीची वाळू आणून चाळली आणि आत भरली. वाळू कोरडी झाली की डोंगर ढासळतात, म्हणून मामी सकाळी माठ भरून झाल्यावर उरलेले पाणी त्यावर शिंपडत. "पाजलं तुमच्या मुलखाले पाणी," असे आतून ओरडून सांगत आणि भाकरी थापायला बसत.

मुलूख आमचाच होता. टेबलाच्या डाव्या हाताला मोठी लाइन: नरखेड, पांढुर्णा, तिगाव, पुढे इटारसीची दिशा. उजव्या हाताला छोटी लाइन: सौसर, रामाकोना, कन्हानचा पूल आणि वर छिंदवाड्याची दिशा. रूळ अगरबत्तीच्या काड्यांचे होते. नद्यांसाठी चहाच्या पुड्यांतला चंदेरी कागद, संत्र्याच्या बागांसाठी हिरव्या रंगात भिजवलेला लाकडाचा भुसा. तोफा उडाल्या की धुरासाठी कापूस ठेवायचा. तो आमच्या भागात कोणत्याही घरात हाताला लागत असे. शिपाई पेट्यांच्या फळ्या तासून केलेले, बोटाच्या पेराएवढे. आमचे शिपाई चहापत्तीच्या पाण्यात उकळले की त्यांना खाकी रंग येई. जपान्यांची डोकी लाल शाईत बुडवलेली. मेलेले दोन्हीकडचे शिपाई एका पितळी परातीत जात. परात मामींची होती आणि जेवणाआधी ती परत द्यावी लागे, त्यामुळे कोणतीही लढाई दुपारच्या जेवणापलीकडे चालली नाही.

खेळाला नाव नव्हते. मामा त्याला "समजा" म्हणत, कारण प्रत्येक वेळी ते त्याच शब्दाने सुरुवात करत. समजा, मोठ्या लढाईत जपानी ब्रह्मदेशात थांबले नसते. समजा, ते विशाखापट्टणमला उतरले, रायपूर घेतले, नागपूर घेतले. आता त्यांना उत्तरेकडे जायचे आहे आणि वाटा दोनच आहेत, मोठी लाइन नाही तर छोटी. शेजारचे पराते गुरुजी शाळेत इतिहास शिकवत. ते रोज खुर्ची घेऊन बघायला येत आणि रोज तीच हरकत काढत. "हवालदार, जपान्यांच्या संगं आपलेबी लोक असते. त्याइच्यावर गोळी कोण घालंन?"

"म्हणून तर समजा म्हणून राहिलो नं गुरुजी," मामा म्हणत. "खरं असतं त मी इथं बसलो असतो काय?"

आतून मामी म्हणत, "इंग्रज राहो का जपानी येवो, भाकर मलेच थापा लागते."

नियम मामांनी शाळेच्या वहीत लिहून ठेवले होते. अंतर आगपेटीच्या काडीने मोजायचे. पायदळ एका पाळीत दोन काड्या चालणार, काडेपेटीचा ट्रक सहा, आगगाडी पंधरा. गोळीबाराला फासे. पण खेळाचा खरा गाभा चिठ्ठीत होता. प्रत्येक पाळीआधी दोन्ही सेनापतींनी आपला हुकूम चिठ्ठीवर लिहून मामांकडे द्यायचा. एकदा दिलेली चिठ्ठी परत मिळत नसे. मामा दोन्ही चिठ्ठ्या वाचून सोंगट्या हलवत आणि ज्याला जे दिसणे शक्य आहे तेवढेच सांगत. बाकीचे सैन्य वाळूवर नसेच. ते मामांच्या वहीत असे. पुढे वर्तमानपत्रात काम करताना मी अनेक युद्धांच्या बातम्या भाषांतरित केल्या. त्यांतल्या सेनापतींनाही बहुतेक वेळा याहून जास्त दिसत नव्हते.

जपानी व्हायला कोणी तयार नसे. मामांचा विजू माझ्याच वयाचा. तो पहिल्या दिवसापासून खाकीवर हक्क सांगून बसला होता. म्हणून लाल डोकी माझ्याकडे आली. सुटीत मी पांढुर्ण्याला राहायला होते आणि दर दोन दिवसांनी हरत होते. "सुजाता, तू सरळ येते," विजू सांगे. "सरळ येणाऱ्याले मारणं सोपं असते." ते खरे होते.

पण त्या उन्हाळ्यात माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट होती. अकरावीचा निकाल लागला होता; तेव्हा शाळा अकरावीलाच संपत असे. नागपूरच्या कॉलेजचा फॉर्म मी मागवला, भरला, माझी सही केली. पालकांच्या सहीच्या वर एक रकाना होता: नागपुरात राहण्याची सोय. तो कोरा होता आणि तो कोरा असेपर्यंत बाबा त्याखाली सही करणार नव्हते. बाबांची चुलत बहीण शांताआत्या नागपूरला राहत असे. बाबांनी तिला अंतर्देशीय पत्र टाकले, उत्तर आले नाही. दुसरे टाकले, त्याचेही आले नाही. फॉर्म पोचण्याची शेवटची तारीख जवळ येत होती. फॉर्म सौसरच्या आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये, बाबांच्या ड्युटीच्या डायरीत घडी घालून ठेवलेला होता. बाबा नाही म्हणत नव्हते. ते थांबले होते. नाही म्हणाले असते तर मला भांडता आले असते.

बाबा छोट्या लाइनीवर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. छोट्या लाइनीवर रूळ एकच. पुढच्या स्टेशनाला विचारायचे, त्याने हो म्हटले की यंत्रातून लोखंडी गोळा निघतो, तो चामड्याच्या पिशवीत घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायचा, मग गाडी सुटते. गोळा नाही तर गाडी नाही. इंजिन शिट्ट्या देत असो, फलाटावर लग्नाचे वऱ्हाड ओरडत असो, बाबा यंत्रासमोर उभे राहून उत्तराची वाट पाहत. त्यांची सगळी नोकरी अशी गेली आणि हळूहळू घरही त्याच पद्धतीने चालू लागले. पाहुण्यांकडे जायचे तर आधी पत्र, उत्तर आले तर पिशवी भरायची. आईला याची सवय झाली होती. मला झाली नव्हती.

बुद्धपौर्णिमेला आई-बाबा पांढुर्ण्याला आले. सकाळी वंदना झाली, खीर झाली. मामींनी टेबलावर चादर टाकून ठेवली होती. "आज लढाई नाही. आज मुंगीलेबी धक्का लावाचा नाही," त्या म्हणाल्या. जेवताना मामांनी फॉर्मचा विषय काढला.

"भाऊजी, सही करून टाका. राहाचं मागून पाहू."

"पोरगी गाडीत बसवाची अन् मंग पाहाचं काय, पुढं लाइन आहे का नाही?" बाबा म्हणाले. "शांताचं उत्तर येऊ द्या."

"अन् नाही आलं तर?"

बाबांनी खिरीची वाटी पुढे सरकवली. "येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी विजूला त्याच्या मित्रांनी क्रिकेटला ओढून नेले आणि खाकीची खुर्ची रिकामी राहिली. मामा म्हणाले, "भाऊजी, तुमी बसा. लाइन तुमची, गाडी तुमची." बाबांनी आधी नियमांची वही मागितली. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, दोन शंका विचारल्या, शिसपेन्सिलीला टोक केले आणि बसले. परिस्थिती मामांनी सांगितली. बाबांचे अर्धे सैन्य मोठ्या लाइनीवर तिगावला. अर्धे आगगाडीत, रामाकोन्याच्या वरच्या स्टेशनात, इंजिन तयार. तिथून रामाकोना बारा काड्या. म्हणजे गाडी एका पाळीत पूल ओलांडून रामाकोन्यात उतरू शकत होती.

मी चिठ्ठी लिहायला बराच वेळ घेतला. विजू असता तर मला पूल उडवावा लागला असता. त्यासाठी वीस शिपाई आणि तीन पाळ्या. समोर बाबा होते. मी लिहिले: रिकामे ट्रक पांढुर्ण्याच्या सडकेने, धूळ उडवत, तिगावकडे. सगळे पायदळ सौसरजवळच्या बागांत लपून. दोन शिपाई साध्या कपड्यांत बैलगाडीने रामाकोना स्टेशनात. स्टेशन मास्तरला बांधून ठेवावे. रूळ उखडू नये. पुलाला हात लावू नये.

मामांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"दोघंच?"

"हो."

"तुले समजून राहिलं नं, तू काय करून राहिली थे?"

"हो मामा."

त्यांनी चिठ्ठी वहीत ठेवली.

पहिल्या पाळीत पांढुर्ण्याच्या सडकेवर माझ्या काडेपेट्या निघाल्या. बाबांनी त्या मोजल्या आणि हलले नाहीत. दुसऱ्या पाळीत माझे पायदळ बागांतून बाहेर पडले आणि छोट्या लाइनीच्या कडेने वर सरकू लागले. बाबांनी ते लगेच ओळखले. गुरुजी खुर्चीत पुढे झाले. "मास्तर, रामाकोना! गाडी सोडा!" बाबांनी चिठ्ठी लिहिली. त्यांचे अक्षर सुंदर होते, ड्युटीच्या रजिस्टरात असायचे तसे. मामांनी ती मोठ्याने वाचली, कारण त्यात माझ्यापासून लपवण्यासारखे काही उरले नव्हते.

"रामाकोन्याला लाइन क्लियर मागावी. मिळाल्याबरोबर गाडी सोडावी."

मामांनी वहीतली माझी चिठ्ठी पाहिली.

"भाऊजी," मामा म्हणाले, "रामाकोन्याहून उत्तर नाही."

"पुन्हा मागा."

"पुन्हाबी उत्तर नाही."

तिसऱ्या पाळीला बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. ते वाळूकडे पाहत होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. हा चेहरा मी शेकडो वेळा फलाटावरून, खिडकीच्या गजांतून पाहिला होता. मग त्यांनी लिहिले आणि मामांनी वाचले: "गाडी उभी ठेवावी. एक माणूस पायी रामाकोन्याला पाठवावा. त्याने तेथील मास्तरांचे लेखी उत्तर घेऊन यावे."

गुरुजींना इतके हसू आले की त्यांना पाणी द्यावे लागले. दारातून मामी आणि आई पाहत होत्या, त्याही हसल्या. मामांनी नियमाप्रमाणे एक खाकी शिपाई गाडीतून काढला आणि रुळाच्या कडेला उभा केला. दर पाळीला दोन काड्या. बारा काड्यांना सहा पाळ्या. जायच्याच; यायच्या वेगळ्या.

"मास्तर, जपानी तुमच्या टाइमटेबलनं येणार आहे काय?" गुरुजी म्हणाले. "अन् तुमचा हा माणूस बिडी पेटवाले थांबला तर?"

"माहा माणूस थांबणार नाही," बाबा म्हणाले.

तो थांबला नाही. दोन काड्या, मग चार, मग सहा. तोपर्यंत माझी पहिली रांग पुलाच्या टोकाशी पोचली होती. तिगावहून बाबांनी मदत मागवली, पण तिथून अंतर फार होते. सहाव्या पाळीत, चालणारा शिपाई आठव्या काडीवर असताना, माझे पायदळ कन्हान ओलांडून त्याच्या अंगावरून पुढे गेले आणि आणखी चार पाळ्यांत शिट्टी देत उभ्या असलेल्या गाडीला वेढा पडला. बाबांच्या गाडीतून एकही गोळी सुटली नव्हती. परात जवळजवळ रिकामी होती. इतकी कमी माणसे मरून मुलूख पडल्याचे मामांच्या वहीत तोवर नव्हते.

"लढाईत कोण गोळा मागते भाऊजी?" मामा म्हणाले. ते चिडले होते. त्यांना खाकी हरणे सोसत नसे. "दोन माणसं होते तिचे रामाकोन्यात. फक्त दोन! गाडी गेली असती त चिरडून गेली असती."

"समोरून गाडी येत असती तर?"

"कोणती गाडी? सगळ्या टेबलावर एकच गाडी आहे!"

"तुमाले वरून दिसते एकच," बाबा म्हणाले. "वरच्या स्टेशनातल्या मास्तरले काय दिसते? डब्यात माणसं हायेत. रामाकोना बोलत नाही. लोक पळून राहिले असतीन, थेबी एखाद्या गाडीत बसून निघाले असतीन. त्याइच्यावर सोडू का गाडी?"

यावर मामांकडे नियम नव्हता. गुरुजींचे हसणेही कमी झाले. बाबा माझ्याकडे वळले.

"पूल काऊन नाही उडवला?"

"गरज नव्हती."

"रामाकोन्याले दोघंच काऊन पाठवले?"

मी कडेच्या पट्टीवर सांडलेली वाळू आत ढकलली.

"मी थांबीन हे तुले माहीत होतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. एखादी नोंद वाचून दाखवावी तसे ते म्हणाले. मग त्यांनी वही मिटून मामांना परत दिली आणि हात धुवायला गेले. मामींनी परात मागितली. जेवायला भरीत होते.

मी पहिल्यांदा जिंकले होते आणि तो दिवस मला चांगला गेला नाही. आज इतक्या वर्षांनी त्याचे कारण नेमके सांगता येते. विजूला हरवायला लढाई समजावी लागली असती. बाबांना हरवायला फक्त बाबा माहीत असणे पुरेसे होते, आणि ते माहीत असायला मला काही करावे लागले नव्हते. शिवाय फॉर्म त्यांच्याच डायरीत होता. संध्याकाळच्या बसने आम्ही सौसरला परतलो. बाबा खिडकीशी बसले होते. आता सहीचे नाव काढायचे नाही, असे मी ठरवले.

त्यानंतर तीन दिवस टपाल आले आणि त्यात शांताआत्याचे पत्र नव्हते. तारखेला चार दिवस उरले. चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी दुसऱ्या मास्तरांशी ड्युटी बदलून घेतली आणि ठेवणीतला सदरा घातला.

"कुठी चालले जी?" आईने विचारले.

"नागपूरले. उत्तर आणाले."

डायरी त्यांनी घरीच ठेवली होती. ते गेल्यावर मी ती उघडली. फॉर्म आत नव्हता.

दिवसभर मी काहीच केले नाही. आईने पाटवडीसाठी बेसन भिजवले, मसाला वाटला, मधूनमधून स्टेशनाकडे पाहिले. छोटी लाइन आता मोठी झाली आहे आणि तो प्रवास किती सावकाश होता हे नव्या लोकांना सांगून पटत नाही. नागपूरला जाऊन त्याच दिवशी परतायचे म्हणजे हातात जेमतेम दुपार राहायची. दिवे लागल्यावर बाबा आले. हातपाय धुतले, पाटावर बसले. दोन घास खाल्ल्याशिवाय ते बातमी सांगत नसत, चांगली असो की वाईट. आम्ही दोन घास थांबलो.

"शांता नाही म्हणते," ते म्हणाले. "पत्रं दोन्ही भेटले तिले. नणंदेचं बिऱ्हाड घरात येऊन राहिलं आहे. जागा नाही. नाही म्हणाची लाज वाटली म्हणून लिहिलं नाही म्हणे."

"मंग झालं," आई म्हणाली.

मी ताटाकडे पाहत राहिले. पाटवडीच्या रश्शावर तेल तरंगत होते.

"मंग मी पोरींच्या होस्टेलवर गेलो," बाबा म्हणाले. "खोली पाह्यली. एका खोलीत चौघी. नळाले पाणी सकाळी दोन तास. स्वयंपाकघरात जाऊन वरण खाऊन पाह्यलं, मीठ कमी आहे. वॉर्डनबाईले इचारलं, आमची पोरगी शनिवारच्या गाडीनं येईन, गाडी लेट झाली तर दार कोण उघडंन? थे म्हणे, उघडते नं कोणीतरी. म्हटलं, कोणीतरी नाही, नाव सांगा. थे हसली. मी बसून राहिलो. मंग तिनं एका बाईले बोलावलं. कौसल्याबाई. स्वयंपाक करते, तिथंच राह्यते. मी तिले तुई गाडी सांगितली, वेळ सांगितली. थे म्हणे, मी उघडीन." त्यांनी भाकर मोडली. "मंग रकाना भरला अन् सही केली. फारम कॉलेजात देऊन आलो. पावती सदऱ्याच्या खिशात आहे."

आई उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मी पावती काढली. रकान्यात काय लिहिले हे तीवर नव्हते, फक्त माझे नाव होते, बाबांनी सांगितले तसे, पूर्ण.

प्रवेश मिळाला. कॉलेज उघडण्याआधीच्या शनिवारी गाडी नागपूरला पावणेदोन तास उशिरा पोचली. ट्रंक घेऊन मी होस्टेलच्या फाटकाशी उभी राहिले आणि कडी वाजवली. आतून चपलांचा आवाज आला. दार उघडले ते एका ठेंगण्या बाईने. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने भरले होते आणि मी काही बोलायच्या आधी तिनेच सुरुवात केली.

"मी कौसल्या," ती म्हणाली. "दार मीच उघडलं म्हणून लिहिजो तुया बापाले."